व्याह्याच्या पुढे जायचं नाही

कारभारी डोखळे आणि जयराम बोरस्ते यांच्या दोन घरांत मिळून एक चषक होता. सहा महिने तो एका घरी राहायचा, सहा महिने दुसऱ्या. दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला तो पिशवीत घालून नाशिकच्या सीबीएस स्टँडवर न्यायचा आणि पलीकडच्या बाईच्या हाती द्यायचा, हे काम सिंधुबाई डोखळे आणि ज्योत्स्ना बोरस्ते या दोघींकडे होतं. नवऱ्यांनी ते करायचा प्रश्नच नव्हता. ते एकमेकांशी बोलत नसत.

त्याला कारण धूळ.

तेव्हाच्या मोटारसायकल शर्यती आतासारख्या नव्हत्या. आता ट्रॅकवर टँकरने पाणी मारतात, गाडीला चिप लावतात, पडद्यावर नंबर झळकतात. तेव्हा शहराबाहेरच्या माळावर कुणाचा तरी ट्रॅक्टर फिरवून उंचवटे करायचे, फक्कीने रेघा मारायच्या, की झाला ट्रॅक. गंगापूर रोडला दोन्ही अंगांनी द्राक्षाचे मळे होते आणि शर्यतीच्या दिवशी मळ्यातली माणसं भाकरी बांधून यायची. कारभारी एका टायर कंपनीचे पगारी रायडर, जयराम एका ऑइल कंपनीचे. दोघांची नावं पार कोइमतूरपर्यंत पोचलेली. सिंधुबाई तेव्हा नवी नवरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून तिने नवऱ्याच्या कितीतरी शर्यती पाहिल्या, पण खरं सांगायचं तर नवरा कधी पाहिलाच नाही. पाहिली ती धूळ. धुळीतून जो माणूस शेवटी दात दाखवत बाहेर यायचा तो आपला, एवढंच तिला ठाऊक.

त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत दोघे एकाच धुळीत शिरले आणि एकाच धुळीतून रेघ ओलांडून बाहेर आले. आधी कोण, ते झेंडेवाल्याला दिसलं नाही, पंचांना दिसलं नाही, बाभळीवर चढलेल्या पोरांनाही दिसलं नाही. पंचांनी डोकं खाजवून निवाडा दिला की चषक सहा-सहा महिने वाटून घ्यावा. कारभारी म्हणाले, मीच जिंकलो. जयराम म्हणाले, मी. त्यानंतर दोघांनी जो अबोला धरला तो थेट पोरं लग्नाची होईपर्यंत.

बायकांचं मात्र बरं चाललं होतं. चषकाच्या निमित्ताने वर्षातून दोन वेळा भेट, स्टँडसमोर उसाचा रस, सुखदुःखाच्या चार गोष्टी. पुढे सिंधुबाईंचे पाय दुखायला लागले तशी त्या चषक मुलीकडे, निकिताकडे द्यायला लागल्या. ज्योत्स्नाबाईंना बँकेतून रजा मिळेना, म्हणून त्या मुलाला, हर्षलला धाडायच्या. चषक तेवढाच होता, पण पोरांना तो द्यायला-घ्यायला दर वर्षी जास्त वेळ लागू लागला. एका पाडव्याला निकिता सकाळी गेली ती दिवेलागणीला परत आली आणि चषक आणायचा विसरूनच आली. तेव्हा सिंधुबाईंना कळायचं ते कळलं.

दोन्ही पोरं बापांच्याच वळणाची. आडगावला दोघांनी मिळून गॅरेज टाकलं होतं, शर्यतीच्या गाड्या बांधायचं. पण लग्न म्हटल्यावर दोन्ही बाप एका खोलीत बसायला हवेत. बायकांनी कसंबसं जमवलं. सुपारी फुटली तेव्हा दोघे समोरासमोर बसले, पण सगळं बोलणं भिंतीकडे बघून. जयरामांनी भिंतीला सांगितलं की मुलगी पसंत आहे. कारभारींनी भिंतीला सांगितलं की आपण धन्य झालो. जयरामांचे थोरले भाऊ मध्येच म्हणाले, मुलगी सोन्यासारखी आहे, पण तिच्या वडिलांचं ते धुळीचं प्रकरण... आणि सिंधुबाईंनी चहाचा ट्रे इतक्या घाईने पुढे केला की तीन कप बशीत लवंडले.

तेवढ्यात शर्यतीचा कागद आला. नाशिकला राष्ट्रीय स्पर्धेची फेरी होणार होती आणि मुख्य शर्यतीआधी जुन्या रायडरांची एक शर्यत ठेवली होती. सहा फेऱ्या. कारभारींनी नाव दिलं होतं. जयरामांनीही दिलं होतं. सोयरीक ठरायच्या आधीच दिलेली नावं, ती आता मागे घ्यायला दोघेही तयार नव्हते. जो मागे घेईल तो हरला, असा दोघांचा हिशोब.

सिंधुबाईंची झोप उडाली. हे जिंकले तर मुलीच्या बापाने भर मैदानात व्याह्याला खाली पाहायला लावलं असं होणार, आणि बोरस्त्यांचे थोरले भाऊ टपूनच बसलेले. हे हरले तर लग्नात तोंड फुगवून बसणार. दोन्हीकडून मरण निकिताचंच. आणि ती पोर फोनवर बोलताना अशी हसायची की ते हसणं मोडलं तर आपण कुठं तोंड दाखवू, हे सिंधुबाईंना समजत नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी नवऱ्याच्या गुडघ्याला तेल लावता लावता त्यांनी विषय काढला.

“ऐका. तुम्ही आता पोरीचा बाप हाय. व्याह्याच्या पुढे जायचं नाय.”

कारभारींनी गुडघा एकदा दुमडून पाहिला. “स्टार्टला तरी?”

“स्टार्टला नाय, वळणाला नाय, कुठंच नाय. त्यांचा मान पहिला.”

“आन त्यांची गाडी बंद पडली तर?”

“तर तुम्ही बी थांबायचं.”

एरवी या माणसाने घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं आणि पाय पुढे केला. सिंधुबाईंना हायसं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. एखादा बैल मुकाट्याने दावणीला जाऊन उभा राहिला की वाटतं तसं.

मैदानावर गर्दी मायंदाळ. ट्रॅक म्हणजे तांबड्या मातीचे डोंगरच घातलेले, मध्ये वळणं, कडेला लोखंडी जाळी. सिंधुबाई आणि ज्योत्स्नाबाई पहिल्या वळणाच्या जाळीपाशी खुर्च्या टाकून बसल्या. ज्योत्स्नाबाईंनी चिवडा आणला होता. थोरले बोरस्ते मागे गॉगल लावून उभे होते.

सहा म्हातारे सहा गाड्यांवर ओळीने उभे राहिले. गुडघ्याला ढाली, छातीला चिलखत, डोक्यावर हेल्मेट. त्यात पोटं मावत नव्हती ती वेगळी. कडेला पेठचे पुंजाभाऊ. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही शर्यत जिंकली नव्हती, पण एकही चुकवली नव्हती. पेठच्या घाटातून ते गाडी चालवतच शर्यतीला यायचे, शेवटचे यायचे आणि गाडी चालवतच परत जायचे.

स्टार्टचं लोखंडी फाटक पडलं. चार गाड्या धुरळा उडवत सुटल्या.

दोन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

गर्दीला वाटलं, इंजिनं बंद पडली. पण इंजिनं चालू होती. कारभारी जयरामांकडे बघत होते, जयराम कारभारींकडे. मग कारभारींनी हाताने खूण केली, चला ना. जयरामांनी तशीच खूण परत केली. माइकवरचा माणूस म्हणाला की जुन्या खेळाडूंचा काहीतरी डावपेच दिसतो आहे, अनुभव म्हणतात तो हाच. अखेर दोघांनी एकदमच क्लच सोडला आणि वरातीतल्या घोड्यांसारखे डुलत डुलत निघाले. एक जरा पुढे सरकला की लगेच ब्रेक मारायचा. दुसराही मारायचा. उंचवट्यावरून उडी घ्यायची सोडून दोघे पाय टेकत टेकत उतरले.

सिंधुबाईंना पहिल्या फेरीत समाधान वाटलं. दुसऱ्या फेरीत शंका आली. हे मागे राहतात ते ठीक, पण व्याही का मागे राहतात? त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. ज्योत्स्नाबाई चिवडा हातात धरून खायच्या विसरल्या होत्या.

“सिंधुताई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही भाऊंना काही सांगितलं होतंत का?”

सिंधुबाईंनी सांगितलं. ज्योत्स्नाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनीही सकाळी नवऱ्याला शपथ घातली होती. मुलाकडच्यांचा तो तोरा त्यांना पहिल्यापासून आवडत नसे. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या वडिलांना दिवसभर हात जोडून उभं केलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी बजावलं होतं की आमच्यात मुलीच्या बापाचा मान पहिला, डोखळ्यांच्या पुढे गेलात तर घरी येऊ नका.

दोघींनी खुर्च्या जाळीच्या आणखी जवळ ओढल्या.

इकडे पुढच्या चौघांत वयाने आपलं काम सुरू केलं होतं. एकाच्या कमरेत उसण भरली आणि त्याला गाडीसकट उचलून न्यावं लागलं. एकाची कवळी उडीच्या धक्क्याने हेल्मेटमध्ये सुटली, तो ती सांभाळायला थांबला. तिसऱ्याचं पेट्रोल संपलं. उरले पुंजाभाऊ. ते घाटातून यायचे त्याच चालीने एकटेच फेऱ्यांमागून फेऱ्या मारत होते. त्यांना चौकड्यांचा झेंडा दाखवला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणाला दाखवताहेत ते. मग गाडी थांबवून त्यांनी झेंडेवाल्याला तीनदा विचारलं की नक्की का. नक्की म्हटल्यावर ते गाडीच्या टाकीवर डोकं ठेवून हसत राहिले.

शर्यत संपली होती. फक्त दोघांना ते कळलं नव्हतं. ते चौथ्या फेरीत बायकांच्या समोरच्या वळणावर येऊन थांबले होते, कारण जयरामांनी निर्वाणीचा उपाय म्हणून मुद्दाम गाडी बंद पाडली होती, आणि कारभारींनी दिलेल्या वचनाप्रमाणे आपलीही बंद केली होती. हेल्मेटच्या काचा वर झाल्या. तीस वर्षांत दोघे पहिल्यांदा भिंत मध्ये न घेता बोलले.

“व्हा ना पुढं, व्याही.”

“छे छे. तुमच्याआधी मी कसा जाईन?”

“तुमचा मान हाय.”

“मान मुलीच्या वडिलांचा.”

“असं कुठं ऱ्हातं का? उगंच लाजवू नका.”

“मी लाजवतोय? स्टार्टपासून तुम्ही लाजवताय मला!”

मागून भोंगा वाजला. पुढच्या शर्यतीसाठी माती भिजवायला चंदर नावाचा ड्रायव्हर पाण्याचा टँकर घेऊन ट्रॅकवर आला होता. त्याने दोनदा भोंगा दिला. दोघे हलेनात. मग तो कडेने गेला आणि जाता जाता पाण्याच्या फवाऱ्याने दोन्ही माजी विजेत्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत भिजवून गेला. दोघे तसेच निथळत, हात पुढे करून, एकमेकांना वाट देत राहिले. जाळीवरून कुणीतरी ओरडलं, काका, धक्का मारू का? शिट्ट्या सुरू झाल्या.

निकिता आणि हर्षल धावत जाळीपाशी आले. हर्षल आईला काही विचारणार तोच निकिता आपल्या आईकडे वळली. सिंधुबाईंनी सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

निकिता ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “आई, बघ पप्पांकडे.”

सिंधुबाईंनी पाहिलं. जन्मभर ज्याला धुळीत शोधलं तो माणूस आज पहिल्यांदा स्पष्ट दिसत होता. काच वर, तोंडावर पाण्याचे ओघळ, आणि डोळे असे, की जणू मांडवात सगळ्या पाहुण्यांदेखत कुणीतरी धोतर सोडून घेतलंय. समोरच्या गाडीवर जयरामांचेही डोळे तसेच. लोक हसत होते. दोघांनाही ऐकू येत होतं, आणि दोघेही केवळ बायकांना दिलेल्या शब्दाखातर तिथे उभे राहून ते ऐकून घेत होते.

लग्न वाचवायला निघालो आणि काय करून बसलो, असं सिंधुबाईंना झालं. शब्दातून मोकळं सोडलं तर पुन्हा तीच धूळ, तोच अबोला, मागे थोरले बोरस्ते गॉगल लावून उभे. नाही सोडलं तर हे असं. त्यांनी पदर खोचला, खुर्चीवर चढल्या, जाळी धरली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, ऐकलं का? मानपान मांडवात बघू. तुम्ही हाणा.”

शेजारच्या खुर्चीवर ज्योत्स्नाबाई चढल्याच होत्या. “तुम्हीही! आणि मुद्दाम हरलात तर बघा!”

काचा खाली आल्या. दोन किका बसल्या. आणि मग जो आवाज निघाला तो त्या मैदानाने त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. दोघांचं मिळून वय सव्वाशेच्या घरात, पण वळणातून निघाले ते विशीतली पोरं निघावीत तसे. पहिल्या उंचवट्यावरून दोघे एकदमच उडाले. दुसऱ्यावर कारभारी पुढे, तिसऱ्यावर जयराम. कोपराला कोपर घासलं. पुढे चंदरचा टँकर चालला होता. एक त्याच्या डावीकडून गेला, एक उजवीकडून, आणि चंदरने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून कानांवर ठेवले. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. ज्योत्स्नाबाईंनी सिंधुबाईंचा दंड इतका घट्ट धरला की चिवडा सगळा जाळीपलीकडे गेला. थोरल्या बोरस्त्यांचा गॉगल कधी पडला ते त्यांनाही कळलं नाही.

शेवटचं वळण ओलं झालं होतं. कारभारी आतून घुसले, चाक घसरलं, आणि गाडी एकीकडे, ते दुसरीकडे, चिखलात घसरत घसरत दहा-बारा हात गेले.

जयरामांपुढे रस्ता मोकळा होता. रेघ समोर दिसत होती. त्यांनी मागे पाहिलं, गाडी फिरवली, कारभारींपाशी आणून चिखलात टाकली आणि हेल्मेट काढून ओरडायला सुरुवात केली.

“ऊठ! पडतोस काय मुद्दाम? अजून मान देतोस मला?”

“आईची आन रे, खरंच पडलो.”

“खोटं. असल्या वळणाला तू पडत नसतोस. तीस वर्षं बघतोय मी तुला. आतून शिरतोस, चाक सुटतं, पायाने सावरतोस आणि पुढे जातोस. मला फसवतोस होय?”

कारभारींनी चिखलातला पाय उचलून पाहिला. “ह्या गुडघ्यानं सावरत नाय आता, जया.”

जयरामांनी गुडघ्याकडे पाहिलं, कारभारींकडे पाहिलं, आणि मग धप्पदिशी त्यांच्या शेजारी चिखलात बसले. बसताना त्यांचीही हाडं वाजली. रेघ पाचपन्नास पावलांवर होती आणि दोघांपैकी कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

सिंधुबाई तोवर जाळीचं दार ढकलून आत शिरल्या होत्या. गुडघ्याची त्यांना काळजी नव्हती, तो त्यांच्या ओळखीचा होता. काळजी होती ती त्या “जया”ची. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला सगळ्या भावकीसमोर जया म्हटलं होतं, अरे म्हटलं होतं. आणि थोरले बोरस्ते गॉगलशिवाय त्यांच्या मागोमाग लगबगीने येत होते. सिंधुबाईंनी खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला आणि व्याह्यांसमोर जाऊन हात जोडले. माफी कशाकशाची मागायची?

जयरामांनी मान वर केली. तोंडावर चिखल, मिशीला चिखल.

“विहीणबाई, एक विचारायचं होतं.”

सिंधुबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

“ह्याचा गुडघा कधीपर्यंत बरा होईल?”

“डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात ऑपरेशन केलं तर दिवाळीपर्यंत...”

“मग लग्न त्याच्या आधी,” जयराम थोरल्या भावाकडे वळून म्हणाले. “जवळातला जवळ मुहूर्त काढा. एकदा सोयरीक पक्की झाली की ह्याला मान देण्याचं कारण उरणार नाही, आणि मी ह्याला गुडघ्यासकट हरवीन.”

“गुडघा नवा बसवल्यावर ये म्हणावं,” कारभारी बसल्या जागेवरून म्हणाले. “जुन्यावर तर कुणीबी हरवंल. मुहूर्त दिवाळीनंतरचा.”

“दिवाळीआधीचा.”

“पोरीचा बाप मी हाय.”

“मुलाचा बाप मी आहे!”

थोरल्या बोरस्त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ते मागे गॉगल शोधायला गेले. ज्योत्स्नाबाई येऊन पोचल्या होत्या, त्यांनी पर्समधून छोटं पंचांग काढलं. बँकेतल्या बाईच्या पर्समध्ये काय नसतं? निकिता आणि हर्षल पडलेल्या गाड्या उचलत होते, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. माइकवरचा माणूस सगळ्यांना विनवत होता की पुढची शर्यत सुरू करायची आहे, कृपया लग्नाची बोलणी ट्रॅकच्या बाहेर करावीत.

सिंधुबाईंनी जोडलेले हात सोडले. लग्न मोडायला आलेला वरपक्ष त्यांना ऐकून-पाहून चांगला ठाऊक होता. मुहूर्तासाठी मुलीच्या बापाशी चिखलात बसून भांडणारा हा पहिलाच. त्यांनी पदराच्या टोकाने आधी व्याह्यांची मिशी पुसायला हात पुढे केला, मग रीत आठवून तो आवरला, आणि नवऱ्याचं तोंड खसाखसा पुसून काढलं.

“तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त,” त्या म्हणाल्या, “आणि आता उठा दोघेबी. टँकर परत येतोय.”